नेच्याचें दुहेरी आयुष्य



मृगाच्या सरी पडूं लागल्या, कीं मुंबईच्या जुन्या चाळींच्या भिंतींवर, गळक्या नळाच्या आडोशाला आणि विहिरीच्या चिऱ्यांच्या सांध्यांत एक हिरवी नक्षी उमटूं लागते. कोणीं तिची लागवड केलेली नसते, कोणी तिला पाणी घालीत नाहीं. तिचीं कोंवळीं पानें घड्याळाच्या कमानीसारखीं गुंडाळलेलीं असतात, आणि उलगडतां उलगडतां पिसाऱ्यासारखीं पसरतात. हा नेचा होय. सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर त्याच्या कितीतरी जाती नांदतात. काळ्या तकतकीत देठाचा हंसराज वैद्यांस फार पूर्वींपासून ठाऊक आहे. खडकाच्या भेगेंत पंख्यासारखीं इवलीं पानें पसरणारी मयूरशिखा आहे. आणि मोठ्या वृक्षांच्या खोडांवर बसून वाळक्या तपकिरी पानांचा मुकुट मिरविणाऱ्या एका नेच्यास लोकांनीं ‘बाशिंग’ असें मोठें समर्पक नांव दिलेलें आहे.

या वनस्पतीला फूल येत नाहीं, फळ धरत नाहीं, बीं पडत नाहीं. मग दरवर्षीं ती भिंतीवर येते कोठून? प्रश्न पोरकट वाटेल; परंतु त्याचें नीट उत्तर मिळावयास इसवी सनाचें एकोणिसावें शतक अर्धें उलटावें लागलें. आणि तें उत्तर मिळाल्यावरही, एखाद्या दुर्मिळ नेच्याचें रक्षण करावयाचें तर नेमकें कशाचें करावयाचें, हा दुसरा प्रश्न त्यांतूनच पुढें उभा राहिला. आजच्या भाषणाचा विषय हाच आहे.

युरोपांतील जुन्या लोकांनीं पहिल्या प्रश्नाचें एक सोयिस्कर उत्तर काढलें होतें. प्रत्येक वनस्पतीस बीं असलेंच पाहिजे; नेच्याचें बीं कोणास दिसत नाहीं; अर्थात् तें अदृश्य असलें पाहिजे. आणि जें अदृश्य आहे, तें जवळ बाळगणारा मनुष्यही अदृश्य होत असला पाहिजे! उन्हाळ्यांतील सर्वांत मोठ्या दिवसाच्या सुमारास, मध्यरात्रीं, हें बीं गोळा करतां येतें अशी समजूत होती, आणि शेक्सपिअरच्या नाटकांतसुद्धां तिचा उल्लेख आलेला आहे. तर्कशास्त्राच्या दृष्टीनें पाहतां हा युक्तिवाद अगदींच टाकाऊ होता असें नाहीं. त्याची पहिली पायरी तेवढी चुकली होती. पुढें लिनिअस या स्वीडिश पंडितानें सर्व वनस्पतींचे चोवीस वर्ग पाडले, तेव्हां ज्यांचा विवाहसोहळा दृष्टीस पडत नाहीं अशा नेचे, शेवाळें, भूछत्रें इत्यादि मंडळींची त्यानें शेवटच्या चोविसाव्या वर्गांत रवानगी केली, आणि त्या वर्गास ‘गुप्तविवाही’ अशा अर्थाचें नांव दिलें. नांव सुंदर होतें. अडचण मात्र तशीच राहिली.

नेच्याचें पान उलटून पाहिलें, तर त्याच्या पाठीवर तपकिरी रंगाचे ठिपके, रेषा किंवा कडेनें शिवणीसारखी पट्टी दिसते. ती कीड नव्हे. त्या ठिपक्यांत अतिशय सूक्ष्म अशी धूळ भरलेली असते; तिच्या एकेका कणास बीजुक म्हणतात. जमैका बेटांतील जॉन लिंडसे या शस्त्रवैद्यानें ही धूळ मातीवर पेरून पाहिली व आपला अनुभव १७९४ सालीं प्रसिद्ध केला. धुळींतून नेचा उगवला खरा. पण एकदम नाहीं. प्रथम मातीवर हिरव्या खवल्यासारखे कांहीं तरी पसरलें, आणि त्या खवल्यांतून पुढें नेच्याचें पहिलें पान वर आलें. हा खवला म्हणजे कोंवळ्या रोपाचें पहिलें दळ असावें, असें पुष्कळ वर्षें मानलें गेलें.

तो तसा नाहीं, हें पोलंडमधील लेश्चिट्स-सुमिन्स्की नांवाच्या एका सरदारानें १८४८ सालीं दाखविलें. नखाएवढ्या त्या बदामी आकाराच्या खवल्याच्या खालच्या अंगास त्याला पुरुषेंद्रियें व स्त्रीइंद्रियें दोन्ही आढळलीं. म्हणजे मोठमोठे पंडित ज्या विवाहासाठीं पानापानाची झडती घेत होते, तो विवाह पानावर मुळीं होतच नव्हता. तो होत होता पायाखालच्या ओल्या मातीवर, ज्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे अशा एका हिरव्या टिकलीवर.

या सर्व गोष्टींचा एकत्र अर्थ लावणारा मनुष्य कोणी विद्यापीठांतला प्राध्यापक नव्हता. विल्हेल्म होफमाइस्टर हा लाइप्झिग शहरांतला तरुण वडिलांच्या संगीताच्या पुस्तकांच्या धंद्यांत काम करी. विद्यापीठाची पायरी तो विद्यार्थी म्हणून कधींच चढला नाहीं. त्याची दृष्टि अत्यंत अधू होती. दूरचें त्याला फारसें दिसत नसे. परंतु डोळ्याशीं धरलेल्या बारीक वस्तूंचे छेद घेण्यांत व सूक्ष्मदर्शकांतून पाहण्यांत त्याचा हात धरणारा त्या वेळीं कोणी नव्हता. दुकानाच्या कामांतून उरलेल्या वेळांत त्यानें शेवाळें, नेचे आणि देवदारासारखे वृक्ष यांच्या जननक्रियेचा अभ्यास केला, आणि १८५१ सालीं, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, तो ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. डार्विनचा उत्क्रांतीवरील सुप्रसिद्ध ग्रंथ निघावयास तेव्हां अजून आठ वर्षें होतीं. होफमाइस्टरनें दाखविलें तें असें, कीं या सर्व वनस्पतींच्या आयुष्यांत दोन पिढ्या आळीपाळीनें येतात. बारा वर्षांनीं, १८६३ सालीं, हायडेलबर्ग विद्यापीठानें या पुस्तकविक्याला आपल्या प्राध्यापकाच्या खुर्चीवर बसविलें. विद्यापीठें इतकी उदारबुद्धि नेहमींच दाखवितात असें नाहीं.

या दोन पिढ्यांचा प्रकार नीट समजून घेतला पाहिजे; कारण पुढील सारी कथा त्यावरच उभी आहे. आपण ज्याला नेचा म्हणतों, ती पानांची पिढी. तिच्या पाठीवरच्या बीजुकांत वंशसूत्रांचा निम्माच वांटा असतो. बीजुक वाऱ्यावर उडतें, ओल्या जागीं पडतें, आणि रुजून त्याचा तो हिरवा खवला होतो. ही दुसरी पिढी. मराठींत तिला पूर्वकायक असें नांव आहे. तिला खरें मूळ नाहीं, खोड नाहीं, पान नाहीं. तरी ती स्वतःचें अन्न स्वतः तयार करिते आणि पानांच्या पिढीवर कशासाठींही अवलंबून नसते. तिच्यावर दोन्ही इंद्रियें पक्व झालीं, कीं पुरुषपेशी पाण्याच्या पातळ पापुद्र्यांतून अक्षरशः पोहत स्त्रीपेशीकडे जाते. तो पापुद्रा पावसाचा असो, दंवाचा असो, धबधब्याच्या तुषारांचा असो. पण तो नसेल तर संयोग नाहीं. संयोग झाला, म्हणजे खवल्यावर पुन्हा पानांचा नेचा उभा राहतो, आणि खवला बहुधा सुकून जातो. फुलझाडांतही या दोन पिढ्या आहेत. पण तेथें दुसरी पिढी फुलाच्या पोटांत दडून राहते, तिला स्वतंत्र संसार नाहीं. नेच्याचें वैशिष्ट्य हें, कीं त्याचे दोन संसार दोन बिऱ्हाडांत चालतात. एक पानांचा, तो सर्वांस दिसतो. दुसरा ओलसर अंधारांतला, तो कोणास दिसत नाहीं.

हें सारें कळल्यावरही, नेच्यांची कुळें-गोत्रें लावणारांनीं आपली दृष्टि पानांवरच ठेविली, आणि त्याबद्दल त्यांना फारसा दोष देतां येणार नाहीं. संग्रहालयांतील कागदावर चिकटवावयास पानच मिळतें. पाठीवरचे ठिपके वाटोळे कीं लांबट, त्यांवर पापुद्र्याचें पांघरूण आहे कीं नाहीं, यांवरून प्रजाती ठरत. त्यामुळें केवळ ठिपके सारखे म्हणून एकमेकांचा सुतराम् संबंध नसलेले नेचे एका घरांत कोंबले गेले, आणि नेच्यांचा फार मोठा भाग पॉलिपोडिएसी या एकाच अवाढव्य कुलांत जाऊन बसला. त्या कुलाची खरी फाळणी चिनी शास्त्रज्ञ छिन् रन्-छांग यांनीं केली. यूरोपांत येऊन त्यांनीं तेथील संग्रहांतील मूळ नमुन्यांचीं सुमारें १८,००० छायाचित्रें घेतलीं आणि तीं मायदेशीं नेलीं. पुढें, देश युद्धाच्या वणव्यांत होरपळत असतां, १९४० सालीं त्यांनीं त्या एका कुलाचीं ३३ कुलें केलीं. पुष्कळांना तें धाडस वाटलें. पेशींतील वंशद्रव्य वाचण्याची विद्या हातीं आल्यावर मात्र त्यांच्या तर्काचा मोठा भाग खरा ठरला. त्याच विद्येनें २००१ सालीं असेंही दाखविलें, कीं पेरापेरांचें, काडीसारखें दिसणारें अश्वपुच्छ हें नेच्यांच्याच घराण्यांतलें आहे. शेवटीं २०१६ सालीं निरनिराळ्या देशांच्या ९४ शास्त्रज्ञांनीं मिळून एक सर्वमान्य वर्गीकरण सिद्ध केलें. त्यांत नेचे व त्यांच्या सोबतीनें मोजल्या जाणाऱ्या मुद्गलांसारख्या वनस्पती मिळून ११,९१६ जाती, ३३७ प्रजाती व ५१ कुलें आहेत. पैकीं नेच्यांच्या जाती साडेदहा हजारांच्या आसपास आहेत.

या संशोधनांतून एक गैरसमजही दूर झाला. नेचे म्हणजे पुराणकाळचे अवशेष, फुलझाडांनीं हांकून लाविलेले वृद्ध, असें चित्र शाळेच्या पुस्तकांतून रंगविलेलें असते. घराणें जुनें आहे हें खरें. पण आजच्या नेच्यांपैकीं बहुतेक जाती फुलझाडांचीं अरण्यें उभीं राहिल्यावर, त्यांच्या सांवलींत निपजल्या. मंद उजेडांत जगण्याची एक युक्ति तर त्यांनीं उसनी घेतलेली दिसते. अंधुक प्रकाश ओळखण्याचा जो गुण त्यांच्यांत आहे, त्याचें वंशबीज शेवाळांच्या नात्यांतील एका क्षुद्र वनस्पतीकडून त्यांच्यांत आलें, असें २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखविलें. सांवली हीच नेच्याची शेतजमीन, हें ध्यानांत ठेवावें.

आतां दुर्मिळ नेच्याच्या रक्षणाची हकीकत. ती घडली इंग्लंड, वेल्स व आयर्लंड या देशांत, आणि तिचा आरंभ एका बाटलींत झाला. नॅथॅनिएल वॉर्ड नांवाचे डॉक्टर लंडन शहरांत राहत. त्यांना नेच्यांची हौस. पण कोळशाच्या धुरानें त्यांच्या घरचे नेचे मरून जात. १८२९ सालीं त्यांनीं एका पतंगाचा कोश ओल्या मातीसह बंद बाटलींत ठेवला होता. कोशाचें काय होतें हें पाहतां पाहतां त्यांना मातींतून एक नेचा व एक गवताचें पातें उगवलेलें दिसलें. बाटलींतील ओल वर चढे, कांचेवर जमे आणि पुन्हा मातींत उतरे. बाहेरचा धूर आंत येत नसे. त्यावरून त्यांनीं कांचेच्या बंद पेट्या बनविल्या. पुढें याच पेट्यांतून चीनमधील चहाचीं रोपें हिंदुस्थानांत आलीं, तेव्हां आपल्या सकाळच्या कपाशींही त्या बाटलीचें नातें पोंचतें.

इंग्लंडमध्यें कांचेवरील कर १८४५ सालीं उठला, कांच स्वस्त झाली, आगगाड्या सुरू झाल्या होत्या, आणि मध्यम वर्गाच्या दिवाणखान्यांत नेच्याची पेटी हें सुसंस्कृतपणाचें लक्षण होऊन बसलें. गालिच्यांवर नेचे, भांड्यांवर नेचे, भरतकामांत नेचे. चार्ल्स किंग्स्ली या ग्रंथकारानें १८५५ सालीं या वेडाला एक ग्रीक घडणीचें नांवही देऊन टाकिलें. त्याचें मराठी करावयाचें तर ‘नेचोन्माद’ म्हणावें लागेल. वेड निरुपद्रवी दिसत होतें. पानें वाळवून वहींत चिकटविणारी तरुण मुलगी कोणाचें काय नुकसान करणार? परंतु अशा हजारों वह्या भरावयाच्या व पेट्या सजवावयाच्या तर नेचे कोठून तरी उपटून आणले पाहिजेत, आणि ते उपटून विकणारे लोक डोंगरदऱ्यांतून हिंडूं लागले.

या उन्मादाचा सर्वांत मोठा बळी म्हणजे किलार्नीचा नेचा. आयर्लंडमधील किलार्नी येथील सरोवरांच्या परिसरावरून त्यास हें नांव पडलें. परंतु ब्रिटनमध्यें तो प्रथम आढळला होता यॉर्कशायर परगण्यांतील बिंगली गांवाजवळ, अठराव्या शतकाच्या प्रारंभीं. त्याचें पान शिरा वगळल्यास अवघें एका पेशीच्या जाडीचें. उजेडाकडे धरलें तर हिरव्या कांचेसारखें आरपार दिसावें. इतर पानांवर असतें तसें ओल राखणारें जाड आवरण त्यास नाहीं. म्हणून धबधब्याच्या तुषारांत, कपारीच्या तोंडाशीं, जेथें हवा कधींच सुकत नाहीं तेथेंच तो वाढतो. दुर्मिळ, सुंदर, आणि वॉर्डच्या पेटीवांचून घरांत जगूं न शकणारा! संग्राहकांस याहून मोठें आमिष कोणतें? किलार्नीस येणाऱ्या प्रवाशांस तो टोपल्यांतून विकला जाई. एकेका ठिकाणाची बातमी फुटावी आणि थोड्याच दिवसांत ती कपार मोकळी व्हावी, असा प्रकार चालला. विसावें शतक उजाडलें तेव्हां ब्रिटनमध्यें त्याच्या बोटांवर मोजण्याइतक्या जागा उरल्या होत्या, आणि ज्यांना त्या ठाऊक होत्या त्यांनीं त्यांचे पत्ते छापावयाचें सोडून दिलें. पुढें १९७५ सालीं ब्रिटनमध्यें ज्या मोजक्या वनस्पतींना कायद्याचें कवच मिळालें, त्यांत या नेच्याचें नांव होतें. १९८१ च्या व्यापक कायद्यांतही तें आलें.

अशा स्थितींत मदत आली ती अमेरिकेंतून. डोनाल्ड फॅरार या वनस्पतिशास्त्रज्ञानें १९६७ सालीं एक चमत्कारिक गोष्ट प्रसिद्ध केली. ॲपलेशियन पर्वताच्या अंधाऱ्या कपारींत त्याला नेच्यांचीं पूर्वकायकें आढळलीं. पण त्यांवर कधींही पान येत नव्हतें. हे उष्ण कटिबंधांतील नेचे. तेथील थंडी त्यांच्या पानांच्या पिढीस सोसत नाहीं. परंतु पूर्वकायकें मात्र स्वतःचेच सूक्ष्म तुकडे पाडून त्यांपासून नवीं पूर्वकायकें निर्माण करीत होतीं, आणि असा त्यांचा संसार अव्याहत चालला होता. ज्या अवस्थेला पुस्तकांनीं घटकाभराची पाहुणी ठरविलें होतें, ती घराची मालकीण होऊन बसली होती!

किलार्नीच्या नेच्याचें पूर्वकायक बदामाच्या आकाराचें नसतें. तें धाग्यांचें असतें. ओल्या दगडावर हिरव्या लोंकरीचा विरळ तुकडा पडावा तसें दिसतें. पाहणारानें त्यास सहज शेवाळ म्हणून सोडून द्यावें. फॅरारच्या शोधानें सावध झालेल्या ब्रिटिश शास्त्रज्ञांनीं १९९० च्या सुमारास विजेऱ्या घेऊन कपारींत डोकावण्यास आरंभ केला, आणि ज्या परगण्यांतून हा नेचा शतकापूर्वीं नाहींसा झाला असें मानलें जाई, किंवा जेथें तो कधीं आढळलाच नव्हता, तेथेंही ही हिरवी लोंकर सांपडूं लागली. शोध समुद्रापलीकडे पसरला. फ्रान्समधील व्होज पर्वत, लक्झेंबर्ग, आणि समुद्रापासून शेंकडों मैल दूर असलेल्या चेक देशांतील एल्बे नदीकांठचे वालुकाश्म, या ठिकाणीं पानांचा किलार्नी नेचा कोणीं पाहिलेला नव्हता; लोंकर मात्र विपुल होती. बाहेरच्या उजेडाचा शंभरावा हिस्साही पोंचत नाहीं अशा कोपऱ्यांत ती जगते. थंडीची लाट तेथें शिरत नाहीं, उन्हाची झळ लागत नाहीं, आणि अर्थात् नेचोन्मादी मंडळींचे हातही तेथें शिरले नव्हते. कारण चोरण्यासारखें तेथें कांहीं आहे हें त्यांना दिसतच नव्हतें.

ही आनंदाची वार्ता खरी. पण तिनें कायद्यापुढें आणि शास्त्रापुढें एक कोडें टाकलें. हा नेचा आतां दुर्मिळ म्हणावा कीं विपुल? एक पक्ष म्हणूं शकेल, कीं हजारों कपारींत जो सुखानें नांदतो आहे, त्याची काळजी कशाला? दुसऱ्या पक्षाचें उत्तर अधिक विचार करण्याजोगें आहे. लोंकर आपलेच तुकडे पाडून पसरते. अशा प्रकारें ती शेजारच्या खडकावर पोंचेल, पण दूरच्या डोंगरावर नव्या वसाहती वसविण्यास ती दुबळी आहे. त्यासाठीं वाऱ्यावर उडणारें बीजुक पाहिजे, आणि बीजुक पानावरच धरतें. शिवाय तुकड्यांपासून झालेली संतति मूळच्याच सांच्याची. हवामान बदललें, तर नव्या परिस्थितीला तोंड देणारा नवा गुण तिच्यांत कोठून यावा? म्हणजे लोंकर हा मुद्दलाचा ठेवा आहे, पण त्यावर व्याज मिळत नाहीं. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें ग्राह्य वाटतें. आणि युरोपीय राष्ट्रांनीं १९९२ सालीं अधिवासांच्या रक्षणासाठीं जो निर्बंध केला, त्याच्या यादींत या नेच्याचें नांव आहे, त्यामुळें लोंकरीच्या कपारीही नोंदल्या जाऊं लागल्या. मात्र एक गंमत अशी, कीं त्या यादींत त्याचें शास्त्रीय नांव ट्रायकोमॅनिस स्पेसिओसम असें आहे, आणि शास्त्रज्ञ आतां त्याला व्हॅन्डेनबोशिया स्पेसिओसा म्हणतात. वर्गीकरण पुढें सरकतें, कायदा जुन्या नांवानेंच हजेरी घेतो. दोन्ही नांवें एकाचींच, हें ठाऊक असणारा कोणी जवळ असावा लागतो.

रक्षणाची व्यावहारिक बाजू याहून अवघड आहे. दुर्मिळ झाडाभोंवतीं कुंपण घालतां येतें. कपारींतल्या ओलीला कुंपण कसें घालावें? वरच्या उतारावरील झाडें तोडलीं, कीं खालची घळ सुकते. ओढ्याचें पाणी वळविलें, कीं तुषार थांबतात. गिर्यारोहक हात धरावयास जागा मिळावी म्हणून खडक घासून स्वच्छ करितो आणि शेवाळाबरोबर लोंकरही जाते. यांपैकीं कोणीही नेच्याचें पान तोडलेलें नसतें. आपल्या सह्याद्रीच्या दऱ्यांतही किलार्नीच्या नेच्याचे असेच पारदर्शक पानांचे भाऊबंद आहेत, आणि तेही सांवली हटली कीं सर्वांआधीं जातात. मुंबई इलाख्यांतील नेच्यांवर फादर ब्लॅटर आणि डॅल्मेडा यांनीं १९२२ सालीं लिहिलेलें पुस्तक आज शंभर वर्षांनीं हातीं घेतलें, तर कोणत्या घाटांत काय होतें याचा तो एक पुरावाच ठरतो. परंतु त्यांतही, इतर सर्व जुन्या ग्रंथांप्रमाणें, नेचा ओळखावयाचा तो पानांवरून.

बियांची पेढी काढावी तशी बीजुकांचीही काढतां येते. पुष्कळ नेच्यांचीं बीजुकें वाळवून थंड जागीं ठेविलीं तर वर्षानुवर्षें टिकतात. पारदर्शक पानांच्या या कुलाचीं बीजुकें मात्र हिरवीं असतात, तीं थोड्या आठवड्यांतच निर्जीव होतात. त्यांना द्रवरूप नायट्रोजनच्या भयंकर थंडींत गोठवावें लागतें. पण जेथें वेळेवर हालचाल झाली, तेथें काय साधलें, याचें एक उदाहरण सांगण्यासारखें आहे.

अटलांटिक महासागराच्या मध्यावर असेन्शन नांवाचें ज्वालामुखीचें एक उजाड बेट आहे. त्याच्या एका डोंगराच्या माथ्यावर ढग अडतात, तेवढीच काय ती ओल. या माथ्यावर, जगांत अन्यत्र कोठेंही नाहीं असा, कोथिंबिरीच्या पानासारख्या नाजुक पानांचा एक नेचा होता. अनोग्रामा असेन्शनिस हें त्याचें नांव. खलाशांनीं आणलेल्या शेळ्यांनीं पूर्वींच बेट खाऊन टाकलें होतें. पुढें १८४३ सालीं जोसेफ हूकर हे वनस्पतिशास्त्रज्ञ तेथें आले आणि त्यांच्या सल्ल्यानें माथ्यावर देशोदेशींचीं झाडें लावण्यांत आलीं. बेट हिरवें झालें. पण परक्या हिरवाईनें मूळचे रहिवासी दडपले गेले. त्यांत हंसराजाच्या गोत्रांतले बाहेरून आलेले नेचेही होते. नेचाच नेच्याचा वैरी झाला! १९५८ नंतर असेन्शनचा हा नेचा कोणाच्या दृष्टीस पडला नाहीं, आणि २००३ सालीं तो जगांतून नष्ट झाला असें जाहीर झालें.

सहा वर्षांनीं, २००९ च्या जुलैमध्यें, स्टेडसन स्ट्राउड आणि फिल लॅम्डन हे दोघे माथ्याच्या एका तुटलेल्या कड्यावर इतर वनस्पतींची पाहणी करीत होते. तेथें एका उघड्या खडकावर त्यांना हा नेचा दिसला. दोरांच्या आधारानें शोध केला, तेव्हां एकंदर चार रोपें निघालीं. जागा इतकी कोरडी, कीं रोपें डोळ्यांदेखत वाळून जाण्याची भीति. म्हणून बीजुकें पक्व होईपर्यंत कड्यावर पाणी वाहून नेऊन तीं जगविण्यांत आलीं. मग बीजुकें धरलेल्या पानांचे लहानसे तुकडे कापून, निर्जंतुक डब्यांत घालून, विमानानें इंग्लंडमधील क्यू येथील प्रसिद्ध वनस्पति-उद्यानांत पाठविले. चोवीस तासांच्या आंत ते प्रयोगशाळेंत पोंचले पाहिजेत असा निर्बंध होता, आणि ते पोंचले.

क्यूच्या प्रयोगशाळेंत तीं बीजुकें कांचेच्या तबकड्यांत पेरलीं गेलीं. कित्येक दिवस तबकड्यांत पानाचा मागमूस नव्हता. होते ते फक्त हिरवे, ओले खवले. त्यांच्यावर पाण्याचा पातळ पापुद्रा राखण्यांत आला, आणि यथाकाल पानें वर आलीं. पुढील वर्षीं तेथें सुमारें साठ रोपें होतीं.